देवमाशाचे कारंजे पाण्याचे नसते

श्रीलंकेच्या दक्षिण टोकाजवळील मिरिस्सा येथून डिसेंबर ते एप्रिल या काळात भल्या सकाळी देवमासे पाहण्यासाठी बोटी सुटतात. सुट्टीत आम्ही अशा एका बोटीत बसलो होतो. दूरवर पांढरट फवारा उसळताच शेजारच्या मराठी कुटुंबातील मुलाने विचारले, ‘‘बाबा, तो एवढे पाणी पोटात साठवतो का?’’ वडिलांनी होकार दिला. त्यांना दोष देता येत नाही, कारण लहानपणापासून आपण पाहिलेल्या जवळजवळ प्रत्येक चित्रात देवमाशाच्या डोक्यावर पाण्याचे कारंजेच काढलेले असते. परंतु ते कारंजे म्हणजे देवमाशाचा उच्छ्वास आहे.

मिरिस्साजवळ भूखंडमंच, म्हणजे किनाऱ्यालगतचा उथळ समुद्रतळ, अरुंद असल्यामुळे किनाऱ्यापासून थोड्याच अंतरावर समुद्र एकदम खोल होतो, आणि म्हणून पृथ्वीवरील सर्वांत मोठा प्राणी, म्हणजे निळा देवमासा, येथे काही तासांच्या सफरीत दिसू शकतो. नाव मासा असले तरी तो सस्तन प्राणी आहे; त्याला कल्ले नसून फुप्फुसे असतात आणि नाकपुड्या डोक्याच्या माथ्यावर असतात. तोंड आणि श्वसनमार्ग वेगळे ठेवणारी व्यवस्था असल्यामुळे तोंडातले पाणी नाकावाटे बाहेर पडत नाही. फवाऱ्यात दिसते ती फुप्फुसातील उबदार, बाष्पाने भरलेली हवा. ती वेगाने बाहेर पडताना प्रसरण पावून थंड होते व तिच्यातील बाष्पाचे सूक्ष्म थेंब बनतात. नाकपुड्यांवर साचलेले थोडे समुद्राचे पाणी आणि श्वसनमार्गातील शेंबूड हेही त्यात उडतात. शास्त्रज्ञ ड्रोनच्या साह्याने हेच थेंब गोळा करून त्यांतील डीएनए व संप्रेरके तपासतात.

आपण स्वस्थ बसून श्वास घेतो तेव्हा फुप्फुसातील हवेचा जेमतेम दहावा भाग बदलतो. देवमासा मात्र एका श्वासात ८० ते ९० टक्के हवा बदलतो, आणि तेही काही सेकंदांत. तरीही बुडी मारताना त्याचा ऑक्सिजनचा खरा साठा फुप्फुसात नसतो. खोल पाण्याच्या दाबाखाली फुप्फुसे आकसतात, आणि ते हिताचेच असते, कारण त्यामुळे हवेतील नायट्रोजन रक्तात फारसा विरघळत नाही. ऑक्सिजन साठवला जातो तो रक्तात आणि स्नायूंत.

स्नायूंतील हे काम मायोग्लोबिन नावाचे प्रथिन करते. त्याच्या प्रत्येक रेणूत लोहाचा एक अणू असतो आणि तो ऑक्सिजनचा एक रेणू धरून ठेवतो. खोल बुड्या मारणाऱ्या प्राण्यांच्या स्नायूंत ते इतके असते की मांस काळपट दिसते. ब्रिटिश शास्त्रज्ञ जॉन केंड्र्यू यांनी १९५८ मध्ये प्रथिनाची पहिली त्रिमितीय रचना उलगडली, ती स्पर्म व्हेल या खोल बुड्या मारणाऱ्या, दात असलेल्या देवमाशाच्या मायोग्लोबिनचीच, आणि १९६२ चे रसायनशास्त्राचे नोबेल त्यांना मॅक्स पेरुट्झ यांच्यासह मिळाले. पण येथे एक अडचण उभी राहते. प्रथिनाचे रेणू फार दाटीने भरले, तर ते एकमेकांना चिकटून गोळे होतात आणि निकामी ठरतात. मग देवमाशाचे मायोग्लोबिन का चिकटत नाही? २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने उत्तर दिले: खोल बुड्या मारणाऱ्या सस्तन प्राण्यांच्या मायोग्लोबिनच्या पृष्ठभागावर निव्वळ धन विद्युतभार अधिक असतो, आणि सजातीय भार एकमेकांना दूर लोटतात, हे आपण शाळेत शिकलेलोच आहोत. प्रथिनातील काही अमिनो आम्ले बदलली, भार वाढला, रेणू दाटीतही सुटे राहिले आणि जमिनीवरील पूर्वजांच्या वंशजांना समुद्राचा तळ जवळ आला. मला उत्क्रांतीचे याहून सुंदर उदाहरण क्वचितच आढळले आहे.

२०१९ मध्ये कॅलिफोर्नियाच्या मॉंटेरे उपसागरातील एका निळ्या देवमाशाच्या हृदयाचे ठोके मोजल्याचा अहवाल प्रसिद्ध झाला. बुडीत ते मिनिटाला दोनपर्यंत उतरले होते, तर पृष्ठभागावर आल्यानंतर ३७ पर्यंत चढले होते. म्हणजे आपल्यासमोर तो संथ तरंगताना दिसतो, तेव्हाच त्याचे हृदय सर्वाधिक वेगाने चालू असते, कारण रिकामा झालेला साठा त्याला त्या मोजक्या मिनिटांत भरून घ्यायचा असतो.

बोटीवर कोणी तरी ‘देवमाशाच्या उलटी’चा विषय काढलाच. कोकणातील तस्करीच्या बातम्यांमुळे हा शब्द सर्वांना ठाऊक झाला आहे. हा पदार्थ निळ्या देवमाशाचा नसून स्पर्म व्हेलच्या आतड्यात, न पचलेल्या माकुळांच्या (स्क्विडच्या) चोचींभोवती तयार होतो. त्याने ताकद वाढते किंवा घरात धन येते, या समजुतींना कोणताही आधार नाही, आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार भारतात त्याचा व्यापार हा गुन्हा आहे. स्पर्म व्हेल ओळखायचा असेल तर त्याचाही फवारा पाहावा: तो सरळ वर न जाता पुढे आणि डावीकडे तिरपा उडतो.

आमच्या नावाड्याने पहिल्या देवमाशापासून अंतर राखून इंजिन मंद केले होते. आम्ही मोजले: नऊ उच्छ्वास झाले, पाठ कमानीसारखी वाकली, शेपूट सावकाश पाण्याबाहेर आले आणि तो खाली गेला. त्या मुलाने प्रत्येक आकडा मोठ्याने म्हटला होता. पुढचा देवमासा वर आला तेव्हा आणखी तीन बोटी त्याच्या वाटेवर आडव्या गेल्या. त्या वेळी मुलाची मोजणी तीनवर थांबली.