माठाची बुळबुळ, पटकी आणि जिवाणूच्या पोटातला निरोप

उन्हाळ्यात माठ आठ दिवस घासला नाही की आतून बोट फिरवून पाहा, बुळबुळ लागते. ती घाण तं आहेच, पण नुसती घाण नाही, जिवाणूंनी चिकट पदार्थ सोडून बांधलेली वस्ती आहे, तिला बायोफिल्म म्हणतात. पोहत फिरणारा एकटा जिवाणू एक दिवस भिंतीला चिकटतो आणि तिथंच संसार मांडतो. आता पोहायचं की बसायचं हे तो ठरवतो कसा, त्याला ना डोकं ना मेंदू. उत्तर त्याच्या पोटातच होतं, पण सापडायला गंज वर्षं गेली.

आधी अमेरिकेत अर्ल सदरलँड यांनी यकृताच्या पेशींवर काम करताना सायक्लिक एएमपी नावाचा बारका रेणू शोधला. हार्मोन पेशीच्या दारापर्यंतच येते, दाराच्या आतला निरोप हा रेणू पोचवतो, अशी ती भानगड. १९७१ चं नोबेल त्यावरच मिळालं. १९६५ मध्ये तोच रेणू ई. कोलाय जिवाणूत पण दिसला, तिथं त्याचं काम वेगळं, ग्लुकोज संपलं की दुसरं काही खायला घ्या असा निरोप. मग १९६९ मध्ये कॅशेल आणि गॅलंट यांनी उपाशी ठेवलेल्या जिवाणूंचा रस तपासला तं दोन अनोळखी ठिपके दिसले, त्यांना नावच पडलं जादूचे ठिपके! तो निघाला उपासमारीचा निरोप, पीपीजीपीपी.

पण बुळबुळीचा खरा धागा निघाला व्हिनेगरमधून. व्हिनेगरवर सायीसारखा जाड पापुद्रा धरणारा एक जिवाणू आहे, अ‍ॅसिटोबॅक्टर झायलिनम, आणि तो पापुद्रा म्हणजे सेल्युलोज, म्हणजे राजेहो, आपल्या कपाशीच्या बोंडातला धागा ज्याचा तेच! जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठात मोशे बेन्झिमान आणि त्यांची टीम हे सेल्युलोज बनतं कसं ते पाहत होती, ते बनवणारं एन्झाइम, म्हणजे काम घडवून आणणारं प्रथिन, बाहेर काढलं की मरगळायचं आणि जीटीपी नावाचा पेशीतलाच एक रेणू टाकला की जोर धरायचं, पण जोर जीटीपीचा नव्हता, त्याच्यापासून मधेच काहीतरी तयार होत होतं. ते काहीतरी १९८७ मध्ये हाती लागलं, जीएमपी या जीटीपीच्याच धाकट्या भावाचे दोन तुकडे एकमेकांना जोडून केलेलं कडं, नाव सायक्लिक डाय-जीएमपी.

आणि मग? मग बराच काळ सामसूम. व्हिनेगरच्या जिवाणूची खासगी गोष्ट आहे असंच बहुतेकांनी धरलं. मला या सगळ्या इतिहासात हाच भाग जास्त पटतो, कारण शोध समोर पडलेला होता आणि कोणाला त्याची गरजच वाटत नव्हती. १९९८ मध्ये बेन्झिमान यांच्याच गटाला हे कडं बनवणारी आणि तोडणारी जनुकं सापडली, आणि नंतर एकेका जिवाणूचे जीनोम, म्हणजे सगळी जनुकं, वाचून होऊ लागले तेव्हा लोक चाट पडले, तीच जनुकं जिकडंतिकडं. एकट्या कॉलऱ्याच्या जिवाणूत हे बनवणारी-तोडणारी मिळून साठच्या आसपास प्रथिनं! एवढी कशाला लागतात यावर अजून डोकेफोड चालू आहे.

हिशेब साधारण असा: कडं वाढलं की चिकटा आणि वस्ती करा, कडं कमी झालं की सुटा आणि पोहा. सगळ्या जिवाणूंत हे इतकं सरळ नसतं, पण कॉलऱ्यात हा खेळ चांगला दिसतो. २००४-०५ च्या सुमारास बोस्टनच्या टफ्ट्स विद्यापीठात अँड्र्यू कॅमिली यांच्या प्रयोगशाळेनं दाखवलं की कॉलऱ्याच्या जुन्या, क्लासिकल जातीत एक प्रथिन हे कडं तोडून टाकतं, त्यानं बुळबुळ बनवणं थंडावतं आणि विष बनवणं सुरू होतं. म्हणजे तळ्यात गपगुमान वस्ती करणारा जिवाणू माणसाच्या आतड्यात गेल्यावर हल्लेखोर होतो, त्यामागं पोटातल्या त्या कड्याचं वर-खाली होणं पण आहे. ते विष आहे हे आपल्याच कलकत्त्यात शंभूनाथ डे यांनी १९५९ मध्ये सशाच्या आतड्यावर सिद्ध केलं, हयातीत त्यांना देशात म्हणावा तसा मान मिळाला नाही ही गोष्ट वेगळी. आणि ते विष आतड्याच्या पेशीत काय करतं तं सदरलँडचं तेच सायक्लिक एएमपी बेसुमार वाढवतं, म्हणून पाणी धो-धो बाहेर पडतं. त्याच्या पोटात एक निरोप कमी झाला की आपल्या पोटात दुसरा वाढतो!

आमच्याकडं हे काही पुस्तकातलं नाही. गावोगावी मरीमायचं ठाणं उगीच नाही, पटकीनं, म्हणजे कॉलऱ्यानंच, वस्त्या रिकाम्या व्हायच्या त्याची ती खूण. आणि जुलै २०२२ मध्ये मेळघाटात, चिखलदरा तालुक्यातल्या पाचडोंगरी आणि कोयलारीत उघड्या विहिरीचं पाणी पिऊन कॉलरा पसरला, माणसं दगावली. आमच्या गावच्या टाकीचं झाकण उडून दोन पावसाळे झाले, सांगून सांगून थकलो, ते असो.

माही आजी विहिरीचं पाणी जुन्या लुगड्याची चार पदरी घडी करून गाळायची, पोट्टे आम्ही हसायचो. २००३ मध्ये रिटा कोलवेल आणि अन्वर हक यांच्या गटानं बांगलादेशात मतलबच्या गावांमध्ये अगदी हेच, जुन्या साडीची चार पदरी घडी, तपासून पाह्यलं तं कॉलरा ४८ टक्क्यांनी कमी झाला. एकटा जिवाणू कापडातून सहज निघून जातो, पण पाण्यात तो बारक्या प्लवकांना, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या जिवांना, चिकटून, झुंडीनं राहतो, आणि ते प्लवक कापडात अडकतात. जुनी साडी चांगली, कारण धुऊन धुऊन सूत फुलते, भोकं बारीक होतात. पाणी उकळणं त्याच्याहून चांगलं, पण सरपण कुठून आणायचं हा पण प्रश्न होताच.

२००६ मध्ये हे कडं तोडणारं आणखी एक वेगळ्या जातीचं प्रथिन सापडलं, ते झॅन्थोमोनासमध्ये. कोबीवर्गातल्या पिकांना काळी कूज आणणारा हा जिवाणू, शेजारच्या जिवाणूंकडून बाहेरचा इशारा आला की त्या प्रथिनानं आतलं कडं तोडतो आणि झाडावर हल्ला करतो. कागदी लिंबावर खैऱ्या आणतो तो याच घराण्यातला. आमच्या धुऱ्यावरची तीन झाडं त्यानंच गेली, अजून तरी त्यावर कॉपर ऑक्सिक्लोराईडच मारतो.