इनामाची धाव आणि देणगीची धाव : महानगरी मॅरेथॉनमधील एका जुन्या वादाची पार्श्वभूमी

१९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकमधील मॅरेथॉनचे अंतर ४२.७५ किलोमीटर होते; आज प्रमाण मानल्या जाणाऱ्या ४२.१९५ किलोमीटरपेक्षा अर्ध्या किलोमीटरहून अधिक. ती शर्यत बेळगावच्या फडेप्पा चौगुले यांनी २ तास ५० मिनिटे ४५ सेकंदांत पूर्ण केली आणि एकोणिसावा क्रमांक मिळवला. त्याच्या आदल्या वर्षी पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या क्रीडास्पर्धांत शेतकरी घरांतील मुले अनवाणी धावताना दोराबजी टाटा यांनी पाहिली होती. धावण्याचे शास्त्रशुद्ध शिक्षण नसताना या मुलांनी नोंदवलेल्या वेळा युरोपातील धावपटूंच्या जवळ जातात हे टाटांच्या ध्यानात आले, आणि मग सहा जणांचा संघ बेल्जियमला पाठवण्यासाठी त्यांनी पुढाकार घेतला व खर्चाचा मोठा भारही उचलला. महानगरांच्या मॅरेथॉनमध्ये देणगी गोळा करण्यासाठी धावणारे हौशी लोक आणि मानधन घेऊन धावणारे व्यावसायिक धावपटू यांच्याविषयी, एक दुसऱ्याची जागा घेतो का याविषयी, आज जी चर्चा चालते, तिचा विचार बेळगावात करायचा तर तो चौगुल्यांपासूनच सुरू करावा लागेल. त्या वेळी धावणाऱ्यासाठी दात्यांनी पैसे दिले. आता दात्यांनी पैसे द्यावेत म्हणून लोक धावतात. या दोन टोकांच्या मधल्या शंभर वर्षांत ‘हौशी’ या शब्दाचा अर्थ पार बदलून गेला आहे.

हा शब्द मुळात खेळावरील प्रेमाचा असला, तरी इंग्लंडमध्ये त्याला वर्गभेदाची धार होती. १८६० च्या दशकात तेथील उच्चवर्गीय अ‍ॅथलेटिक्स क्लबांनी हौशी खेळाडूची जी व्याख्या केली, तिच्यात यंत्रकामगार, कारागीर आणि मजूर यांना थेट वगळले होते. शरीराचे कष्ट करून पोट भरणारा माणूस, त्याने शर्यतीत एक पैसाही जिंकलेला नसला तरी, हौशी ठरत नसे. १८८० मध्ये इंग्लंडची राष्ट्रीय हौशी अ‍ॅथलेटिक संघटना स्थापन झाली तेव्हा हे कलम गळाले. पण पैसा घेतला की खेळाडू बाटला, ही समजूत राहिली आणि ऑलिंपिकने ती जशीच्या तशी स्वीकारली. १८९६ च्या पहिल्या ऑलिंपिकसाठी कार्लो ऐरोल्दी हा इटालियन धावपटू मिलानहून अथेन्सपर्यंतचा बराचसा प्रवास पायी करून पोहोचला, आणि मिलान ते बार्सिलोना या शर्यतीचे रोख बक्षीस त्याने घेतले होते एवढ्या कारणावरून त्याला मॅरेथॉनमध्ये उभेच राहू दिले गेले नाही. पुढे १९३२ मध्ये फिनलंडच्या पावो नुर्मी यांची मॅरेथॉनमध्ये उतरण्याची पूर्ण तयारी असताना, प्रवासखर्चाच्या नावाखाली जास्त पैसे घेतल्याचा ठपका ठेवून त्यांना लॉस एंजेलिस ऑलिंपिकबाहेर ठेवण्यात आले. नऊ सुवर्णपदके मिळवलेल्या माणसाची ही गत झाली.

बेळगावकडच्या वाचकाला ही सगळी विचारसरणी परकी वाटावी, असे मला प्रामाणिकपणे वाटते. आपल्याकडे आनंदवाडी आखाड्यात जंगी कुस्त्यांचे मैदान भरते, गावोगावच्या यात्रांत कुस्त्या होतात, आणि इनामाचा आकडा आधीच जाहीर झालेला असतो. इनाम घेणाऱ्या पैलवानाला कोणी कमी लेखत नाही. उलट त्याचा खुराक, तालमीचा खर्च आणि घरची ओढाताण ठाऊक असल्यामुळे इनाम वाढावे म्हणून गाव आपणहून वर्गणी काढते. खेळाडूने खेळावर जगावे यात लाज कसली, हा प्रश्न आपल्या लोकपरंपरेने कधीच निकालात काढला आहे. युरोप-अमेरिकेतील रस्त्यावरच्या शर्यतींना मात्र तेथवर येण्यासाठी जवळजवळ एक शतक लागले.

त्या शतकात पैसा नव्हता असे नाही. तो लपून होता. १९०८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये दोरांदो पिएत्री शेवटच्या टप्प्यात कोसळले, पंचांनी हात देऊन त्यांना रेषेपार नेले, म्हणून ते बाद झाले आणि विजेतेपद जॉनी हेज यांना मिळाले. ही कहाणी इतकी गाजली की त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये दोघांची पैशाची लढत लावण्यात आली. ही लाट ओसरल्यावर उघड व्यावसायिक धावणे मागे पडले आणि ‘प्रवासखर्च’ हा सोयीचा शब्द रूढ झाला. १९७० मध्ये सुरू झालेली न्यूयॉर्क मॅरेथॉन सेंट्रल पार्कमध्ये एक डॉलर प्रवेशशुल्कात १२७ जणांनिशी झाली आणि त्यांपैकी ५५ जणांनी ती पूर्ण केली. १९७६ मध्ये ती शहराच्या पाचही विभागांतून धावू लागली. रस्ते बंद करायचे, दूरचित्रवाणीवर दाखवायचे आणि प्रायोजक आणायचे, तर नामांकित धावपटू हवेत. त्यांनी यावे म्हणून पाकिटे दिली जात, आणि ती घेतल्याचे कोणी बोलत नसे. १९८१ मध्ये अमेरिकेतील पोर्टलंड येथे कॅस्केड रन ऑफ या शर्यतीत धावपटूंनी बंदीची पर्वा न करता रोख बक्षिसे उघडपणे स्वीकारली. त्यानंतर अ‍ॅथलेटिक्सच्या जागतिक संघटनेने १९८२ मध्ये विश्वस्त निधीची पळवाट काढली. बक्षिसाचा पैसा आधी त्या निधीत जमा व्हायचा आणि तेथून खेळाडूच्या सरावखर्चासाठी मिळायचा.

बॉस्टनने सर्वांत जास्त काळ हट्ट धरला. १८९७ पासून चालत आलेल्या या शर्यतीला आपल्या हौशीपणाचा अभिमान होता, आणि त्याची किंमत तिला १९८० च्या दशकात मोजावी लागली. आघाडीचे धावपटू बक्षीस देणाऱ्या शहरांकडे वळले. १९८५ मध्ये विजेत्या जेफ स्मिथ यांची वेळ २ तास १४ मिनिटे ५ सेकंद होती. पुढच्याच वर्षी एका विमा कंपनीच्या पाठबळावर बॉस्टनने प्रथमच रोख बक्षिसे दिली, आणि ऑस्ट्रेलियाच्या रॉब दे कास्तेला यांनी २ तास ७ मिनिटे ५१ सेकंदांत, मार्गाचा नवा विक्रम करून, ती शर्यत जिंकली. एका वर्षात विजेत्याच्या वेळेत सहा मिनिटांहून अधिक फरक पडला. त्यात हवामानाचाही वाटा असेल, पण कोण धावायला आले हे त्याहून महत्त्वाचे होते.

व्यावसायिक धावपटू उजेडात येत होते, त्याच दशकात देणगीसाठी धावणाराही घडत होता; या दोघांचा जन्म एकत्रच झाला, हे बहुधा विसरले जाते. १९८० मध्ये कॅनडात टेरी फॉक्स हा तरुण, हाडांच्या कर्करोगामुळे उजवा पाय गमावल्यानंतर, कृत्रिम पायाने रोज जवळजवळ एका मॅरेथॉनएवढे अंतर धावत देश ओलांडायला निघाला. १४३ दिवसांत ५,३७३ किलोमीटर झाल्यावर आजार फुप्फुसांत पसरला आणि त्याला थांबावे लागले. पण कर्करोग संशोधनासाठी काही महिन्यांतच २ कोटी ४० लाख डॉलर जमले. १९८८ मध्ये न्यूयॉर्क मॅरेथॉनमध्ये ३८ जणांच्या एका गटाने रक्ताच्या कर्करोगावरील कामासाठी सुमारे ३ लाख २२ हजार डॉलर उभे केले, आणि ‘आम्ही तुम्हाला धावायला शिकवू, तुम्ही निधी गोळा करा’ ही पद्धत रूढ झाली.

लंडनने तिला संस्थेचे रूप दिले. २९ मार्च १९८१ रोजी पहिली लंडन मॅरेथॉन झाली, तेव्हा आघाडीवरचे डिक बियर्डस्ली आणि इंगे सिमॉन्सेन यांनी एकमेकांचा हात धरून शेवटची रेषा ओलांडली. ही शर्यत उभी करणारे ख्रिस ब्रॅशर जुन्या हौशी परंपरेतले होते. १९५४ मध्ये रॉजर बॅनिस्टर यांनी चार मिनिटांच्या आत मैल धावून दाखवला, तेव्हा त्यांच्यापुढे राहून वेग राखण्याचे काम ब्रॅशर यांनी केले होते आणि १९५६ मध्ये मेलबर्न ऑलिंपिकमध्ये स्टीपलचेसचे (अडथळे आणि पाण्याचा खड्डा ओलांडत धावण्याच्या शर्यतीचे) सुवर्णपदकही जिंकले होते. शर्यतीतून उरलेला पैसा शहराच्या क्रीडासुविधांसाठी जावा ही योजना आरंभापासूनच होती. पुढे धर्मादाय संस्थांना काही जागा विकत देण्याची रीत पडली. संस्था ती जागा आपल्या धावपटूला देते आणि त्याच्याकडून साधारण दोन हजार पौंड जमवण्याचे वचन घेते. २०१९ च्या एकाच शर्यतीत अशा मार्गांनी ६ कोटी ६४ लाख पौंड उभे राहिले.

येथे एक गैरसमज दूर करायला हवा. देणगीचा धावपटू व्यावसायिकाची जागा घेत नाही आणि व्यावसायिकही देणगीसाठी धावणाऱ्याचे काही हिरावत नाही. आघाडीच्या रांगेत काही डझन माणसे असतात. मागे पन्नास हजारांचा जनसागर असतो. बक्षिसे, हजेरीचे मानधन, विक्रमाचा बोनस, ठरावीक अंतरापर्यंत वेग राखून बाजूला होणाऱ्या पेसमेकरचा मोबदला हा सारा खर्च मुख्यतः प्रायोजकांच्या बळावर चालतो, आणि प्रायोजक येतात ते शर्यत नावाजलेली आहे म्हणून. खरी स्पर्धा हौशींच्या आपसातच आहे. बॉस्टनने १९७० पासून प्रवेशासाठी ठरावीक वेळेची अट घातली. ती गाठण्यासाठी माणसे वर्षानुवर्षे पहाटे उठतात. १९८९ पासून तेथे देणगीच्या जागा आल्या, आणि आता पाच हजार किंवा त्याहून अधिक डॉलर जमवू शकणाऱ्याला ती वेळ न गाठताही रेषेवर उभे राहता येते. पैशाने जागा मिळते ही तक्रार कष्टाने वेळ गाठणाऱ्या हौशी धावपटूची आहे, आणि ती मला रास्त वाटते. ज्याची ओळखपाळख श्रीमंतांत आहे, त्याला निधी उभा करणे सोपे जाते. एकोणिसाव्या शतकातल्या त्या व्याख्येची सावली येथे पुन्हा पडलेली दिसते.

भारतात हे दोन्ही प्रवाह एकदमच आले. आपल्याकडे तोवर दीर्घ पल्ल्याचा धावपटू म्हणजे बहुतेक लष्कर, पोलीस किंवा रेल्वेतील नोकरदार असे. १९७६ च्या माँट्रियल ऑलिंपिकमध्ये अकरावे आलेले आणि १९७८ मध्ये जालंधरला २ तास १२ मिनिटांचा, कित्येक दशके न मोडलेला राष्ट्रीय विक्रम करणारे शिवनाथ सिंग लष्करातलेच. १५ फेब्रुवारी २००४ रोजी पहिली मुंबई मॅरेथॉन झाली, तेव्हा परदेशी व्यावसायिक, भारतीय धावपटू, स्वयंसेवी संस्थांसाठी निधी जमवणारे नोकरदार आणि ‘ड्रीम रन’मध्ये फलक घेऊन चालणारे नागरिक असे सगळे एकाच दिवशी रस्त्यावर आले. आजवर या शर्यतीच्या निमित्ताने तीनशे कोटी रुपयांहून अधिक निधी संस्थांपर्यंत पोहोचला आहे. २०१८ पासून तिच्या नावात टाटा आहे. अँटवर्पच्या संघामागे ज्या घराण्याचा पैसा होता, त्याच घराण्याचे हे नाव.

मुंबईने केलेली एक गोष्ट विशेष महत्त्वाची आहे. तेथील मार्गाचा विक्रम २०२३ मध्ये इथिओपियाच्या हायले लेमी यांनी २ तास ७ मिनिटे ३२ सेकंदांवर आणला; एकच यादी ठेवली असती तर भारतीय धावपटूच्या हाती काहीच लागले नसते. म्हणून भारतीयांसाठी बक्षिसांची वेगळी यादी ठेवली गेली. अलीकडच्या वर्षांत एकूण विजेत्याला ५० हजार डॉलर, तर पहिल्या भारतीयाला ५ लाख रुपये मिळत आले आहेत. माण तालुक्याच्या ललिता बाबर यांनी २०१४ पर्यंत सलग तीन वर्षे भारतीय महिलांत ही शर्यत जिंकली आणि २०१६ मध्ये रिओ ऑलिंपिकच्या स्टीपलचेस अंतिम फेरीत त्या दहाव्या आल्या. दुष्काळी तालुक्यातल्या शेतकरी घरात पाच लाखांचा अर्थ काय होतो, हे सीमाभागात समजावून सांगावे लागत नाही.

आपल्या जिल्ह्यात धावण्याची शिदोरी मुळातच मोठी आहे. मराठा लाईट इन्फंट्रीचे केंद्र १९२२ पासून बेळगावात आहे, आणि सांबरा, येळ्ळूर, कडोली, उचगाव, खानापूर या पट्ट्यातली मुले अजूनही उजाडण्याआधी रस्त्यावर येतात ती भरतीच्या १६०० मीटरची तयारी करायला. त्यांना हौशी म्हणता येत नाही, कारण त्या धावण्यावर घराची आशा असते. आणि व्यावसायिकही म्हणता येत नाही, कारण त्यांना कोणी काही देत नाही. भरतीची वयोमर्यादा उलटून गेलेल्यांपैकी काही जण रोख बक्षिसाच्या शर्यती शोधत कोल्हापूर, सातारा, हुबळी, गोवा असे फिरतात. ‘बक्षिसासाठी फिरणारे’ असा शिक्का त्यांच्यावर मारला जातो, हे मला दुखावते. यात्रांच्या हंगामात मैदानामागून मैदान करणाऱ्या पैलवानाला आपण असे म्हणत नाही. वीस हजारांच्या पुढे गेलेले शर्यतीचे बूट, पाचशे किलोमीटरवरच्या मुंबईचे येणेजाणे, प्रवेशशुल्क आणि दोन दिवसांची बुडालेली मजुरी एवढा हिशेब मांडूनच तो मुलगा रेषेवर उभा राहतो.

बेळगाव शहरातही आता क्लब आणि संस्था पाच-दहा किलोमीटरच्या व हाफ मॅरेथॉनच्या धावा भरवतात. रुग्णालयासाठी, शाळेसाठी, नेत्रदानाच्या प्रचारासाठी त्या असतात, आणि डॉक्टर, शिक्षक, व्यापारी, गृहिणी त्यांत मनापासून धावतात. मराठी आणि कन्नड दोन्ही बोलींतून एकमेकांना हाकारत जाणारा तो घोळका पाहताना मला आनंदच होतो. या धावांच्या पत्रकांवर निधीचे उद्दिष्ट ठळक असते आणि बक्षिसांची रक्कम खाली बारीक अक्षरांत असते. जिल्ह्यातील धावपटूंसाठी वेगळी यादी क्वचितच दिसते. मुंबईने भारतीयांसाठी जे केले, तेच येथे तालुक्यांसाठी करता येईल, आणि त्यासाठी देणगीतला एक रुपयाही कमी करावा लागणार नाही. एखाद्या प्रायोजकाने तेवढी बक्षिसे उचलली की पुरे. अँटवर्पला गेलेल्या चौगुल्यांच्या मागेही अखेर कोणीतरी असाच खर्च उचलला होता.