एफ३एफ (ग्लायडरांची उतार-शर्यत)

एफ३एफ ही रेडिओ-नियंत्रित, बिनइंजिनाच्या ग्लायडर प्रतिकृतींची वेगस्पर्धा आहे. डोंगराच्या धारेवर किंवा समुद्रकड्यावर उभे राहून, समोरून येणाऱ्या वाऱ्यावर पायलट आपले विमान उडवतो. एकमेकांपासून १०० मीटरवर असलेल्या दोन बेसांमध्ये (मार्गाच्या दोन टोकांच्या रेषांमध्ये) त्याला दहा खेपा, म्हणजे एक किलोमीटर, कमीत कमी वेळात पुरा करायचा असतो. आंतरराष्ट्रीय हवाई क्रीडा महासंघाने (एफएआय) मान्यता दिलेला हा स्पर्धावर्ग आहे. शर्यत म्हटली तरी हवेत एका वेळी एकच विमान असते. प्रत्येक जण घड्याळाशी झुंजतो, आणि त्याच्या वाट्याला जो वारा येईल त्याच्याशीही.

विमानाला ऊर्जा मिळते ती उताराला आदळून वर चढणाऱ्या हवेतून. पावसाळ्यात नाणेघाटात कड्यावरून पडणारे पाणी वाऱ्याने उलटे वर उडताना ज्यांनी पाहिले आहे, त्यांना हे वेगळे समजावून सांगायला नको. सह्याद्रीच्या धारेवर घार पंख न हलवता तासन् तास तरंगते तीही याच हवेवर. घारीला उंची टिकवली की पुरते. एफ३एफचा पायलट मात्र मिळालेली उंची लगेच वेगात खर्च करून टाकतो.

विमान हातानेच फेकतात. फेकल्यावर ३० सेकंदांच्या आत ते मार्गात शिरले पाहिजे. तेवढ्या वेळात पायलट उंची कमावतो आणि मग सूर मारून ‘ए’ बेस ओलांडतो. तिथून घड्याळ सुरू होते. ३० सेकंदांत शिरला नाही, तर ती संपताच वेळ मोजायला लागतात. दोन्ही बेसांवर पंच बसलेले असतात. विमानाने बेसची काल्पनिक उभी भिंत ओलांडली की ते बटण दाबतात, बझर वाजतो, आणि मगच वळण ग्राह्य धरले जाते. बझरआधी वळलात तर परत जाऊन बेस ओलांडावा लागतो.

माझ्या मते शर्यत खरी जिंकली-हरली जाते ती या नऊ वळणांवर. हिशेब करून पाहावा. अख्खा किलोमीटर ३० सेकंदांत म्हणजे ताशी १२० किलोमीटरची सरासरी, सेकंदाला सुमारे ३३ मीटर. बझर ऐकून मग हात हलवणाऱ्याचा पाव सेकंद गेला, तरी विमान आठ मीटर पुढे निघून जाते आणि तेवढेच परत यावे लागते. नऊ वळणांवर मिळून चार सेकंदांहून जास्त वेळ वाया जातो. म्हणून मुरलेला पायलट बझरची वाट पाहत नाही. बझर नेमका कधी वाजेल याचा अंदाज बांधून तो आधीच विमान आडवे करतो. अंदाज चुकला की बझर वाजतच नाही, आणि त्या शांततेची किंमत उशिराच्या वळणापेक्षाही जबर असते.

अशा वेगात १० मीटर त्रिज्येचे वळण घेतले, तर पंखांवर विमानाच्या वजनाच्या अकरापट भार येतो. त्यामुळे ही विमाने कार्बन धाग्यांची, साच्यात घडवलेली असतात. पंखांचा विस्तार साधारण तीन मीटर, शेपूट बहुधा ‘व्ही’ आकाराची. एलिव्हेटर (विमानाचे नाक वर-खाली करणारी शेपटीवरची पट्टी) ओढताच फ्लॅपही (पंखांच्या मागच्या कडेच्या पट्ट्या) किंचित खाली यावेत अशी जोडणी रेडिओत केलेली असते. वळताना लागणारी जादा उचल त्यातून मिळते.

वारा जोराचा असला की विमान मुद्दाम जड करतात. पंखांतल्या पोकळ्यांमध्ये पितळेचे किंवा शिशाचे तुकडे सरकवतात. याला बॅलास्ट म्हणतात. जड विमान जास्त वेगाने घसरते. तितकी उचल वाऱ्यात असेपर्यंत तो वेग फुकटचा. नियमानुसार वजन ५ किलोपेक्षा जास्त चालत नाही, आणि दर चौरस डेसिमीटरला ७५ ग्रॅमपेक्षा जास्त भारही नाही. बॅलास्ट किती भरायचा, हा निर्णय फेकण्याआधी घ्यावा लागतो. भरून झाल्यावर वारा पडला, तर जड विमान दरीकडे उतरत जाताना पाहण्याखेरीज काही हाती राहत नाही.

वारा सेकंदाला ३ ते २५ मीटर आणि उताराला बऱ्यापैकी काटकोनात हवा. फेरीतल्या सर्वांत वेगवान पायलटला १,००० गुण, बाकीच्यांना त्याच्या वेळेच्या प्रमाणात. ३० सेकंदांसमोर ३४.५ सेकंद लावणाऱ्याला साधारण ८७० मिळतात. सुरक्षारेषा ओलांडली की गुण कापले जातात. एकाला भरघोस वारा आणि पुढच्याला मेलेली हवा, हे या खेळाचे जुने दुखणे आहे. एका फेरीत याची भरपाई होत नाही, म्हणून अनेक फेऱ्या घेतात.

समुद्रकाठचे कडे या खेळाला मानवतात, कारण तिथे वारा झाडाझुडपांनी न फाटता सरळ येतो. वेल्समधील ग्रेट ऑर्म हा चुनखडीचा डोंगर जुन्या जाणत्यांचा. पहिली जागतिक अजिंक्यपद स्पर्धा २०१२ मध्ये जर्मनीच्या र्‍यूगेन बेटावर झाली. २०१६ ची डेन्मार्कच्या हान्स्टहोल्म येथे, आणि २०१८ मध्ये ती पुन्हा र्‍यूगेनला आली.

डायनॅमिक सोअरिंग हा प्रकार याच्याशी अनेकदा गल्लत करून सांगितला जातो. त्यात विमान धारेच्या मागच्या बाजूला, वेगवान आणि संथ हवेच्या थरांमधून गरगर फिरवतात. २०२१ मध्ये स्पेन्सर लिझेनबी यांनी कॅलिफोर्नियात याच पद्धतीने ताशी ८८२ किलोमीटर वेग गाठला. एफ३एफच्या पायलटला मात्र धारेमागची ती घुसळलेली हवा उतरतानाच भेटते, आणि नकोशी असते. फ्लॅप पूर्ण खाली, एलेरॉन (पंखांच्या टोकांकडच्या पट्ट्या) वर, असा ब्रेक लावून तो विमान हळूहळू गवतापर्यंत आणतो. शेवटच्या दोन मीटरांत ते कुठल्या बाजूला कलंडेल, याचा मात्र नेम नसतो.