पोरं मोठी झाली तरी ओढाताण का सुटत नाही?

"पोरं जरा मोठी होऊ देत गं, मग सुटशील." सासूबाईंनी सांगितलं, आईनं सांगितलं, ऑफिसातल्या मॅडमनी पण सांगितलं. धाकटी आता दहावीला आहे. आता सासूबाईंचे गुडघे गेलेत, दवाखान्याच्या फेऱ्या आहेत, अन् मिस्टरांची शिरोलीला फौंड्रीत, म्हणजे धातू ओतायच्या कारखान्यात, दर आठवड्याला शिफ्ट बदलते. मी काही सुटलेली नाही, म्हणून नोकरी अन् घर यांच्यातल्या या ओढाताणीवर काय संशोधन झालंय ते वाचत बसले.

पावसाळ्यात आपण कोल्हापुरात पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी बघतो ना, 39 फुटाला इशारा, 43 ला धोका. पाणी चढतं, उतरतं, पण आधी शिरतं ते सखल भागातल्या सुतारवाड्यात, दर वेळी. या ओढाताणीचं तसंच आहे. फिनलंडमध्ये एका गटातल्या माणसांना 1 वर्षानं आणि दुसऱ्या गटातल्यांना 6 वर्षांनी परत विचारलं, तर ज्यांची ओढाताण सुरुवातीला जास्त होती त्यांचीच साधारणपणे नंतरही जास्त निघाली. म्हणजे एखाद्याच्या घरी पातळी कमीजास्त होईल, पण सखल भागातलं घर सखलच राहतं.

1985 साली ग्रीनहाऊस आणि ब्यूटेल या दोघा संशोधकांनी या ओढाताणीचे तीन प्रकार मांडले. वेळेची ओढाताण कुणालाही कळते, पालकसभा अन् शिफ्ट एकाच वेळी. दुसरी ताणाची, अंग घरी आलेलं असतं पण डोकं अजून कामावरच. तिसरी मला सगळ्यात पटली, वागण्याची. भट्टीजवळ आवाज चढवल्याशिवाय ऐकूच जात नाही, मग तोच आवाज घरी पोरीच्या अभ्यासावर निघतो आणि माणसाला स्वतःला कळत पण नाही.

बरं, ताणामुळं ओढाताण होते की ओढाताणीमुळं ताण? 2015 साली तीसेक अभ्यास एकत्र करून बघितलं, त्यात हजारो माणसं होती, आणि निघालं की दोन्ही खरं आहे. दमलेला माणूस घरचं नीट निभावू शकत नाही, त्याची बोचणी घेऊन कामावर जातो, तिथं आणखी दमतो. हे चक्र आपोआप थांबत नाही. म्हणून "होईल हळूहळू सवय" हे मला अर्धवट वाटतं. सवय काही जणांना होते, असंही संशोधन सांगतं, पण सवय झाली म्हणजे भार कमी झाला असं नाही.

आणि भार कुणावर आहे ते सरकारी आकड्यातच आहे. 2019 च्या टाइम यूज सर्व्हेत, म्हणजे दिवसाचा वेळ कुठं जातो याच्या पाहणीत, घरकाम करणाऱ्या बायकांचे दिवसाला सरासरी 299 मिनिटं त्यात जात होते, करणाऱ्या पुरुषांचे 97. पोरं मोठी झाली की यातलं कितीसं कमी होणार, सांगा?

पण बदलतं हो, जमिनीची उंची बदलली की. अमेरिकेत एका मोठ्या कंपनीच्या आयटी विभागात चिठ्ठ्या टाकाव्यात तशा काही टीम निवडल्या, त्यांना कधी आणि कुठं काम करायचं हे बरंचसं स्वतः ठरवू दिलं, साहेबांना पण माणसाच्या घरची विचारपूस करायला शिकवलं. 6 महिन्यांनी ओढाताण कमी झाली होती, थोडीच, पण मोजता येईल इतकी.

भट्टी काही घरून चालवता येत नाही, मान्य. पण शिफ्टचा तक्ता आदल्या रात्री कळण्याऐवजी महिनाभर आधी लावता येतो, दोघा कामगारांनी आपसात पाळी बदलली तर चालू देता येतं. आमच्याकडं यंदा दहावीच्या परीक्षेचे दिवस आधीच सांगून मिस्टरांनी पाळी बदलून घेतली. सकाळचा डबा तेच करणार आहेत.