सोन्याची रास आणि कोकणी पाऊस

कमी प्रतीच्या खनिजात टनामागे जेमतेम अर्धा-एक ग्रॅम सोनं असतं. टनाला ०.६ ग्रॅम धरलं आणि त्यातलं ७० टक्के हाती लागलं, तर १० ग्रॅम सोन्यासाठी सुमारे २४ टन दगड हवा. गोव्यातल्या डिचोली-सांग्यात खनिजाचे ट्रक बघत वाढलेल्यांना हा आकडा लगेच डोळ्यांसमोर येईल: दहा टनी ट्रकच्या जवळपास अडीच खेपा. एवढा माल दळून टाक्यांत घोळवत बसणं बहुतेक वेळा परवडत नाही.

म्हणून रास घालतात. दगड दोन-अडीच सेंटीमीटरपर्यंत फोडायचा, जाड प्लास्टिकच्या अस्तरावर रचायचा आणि वर ठिबकच्या नळ्या पसरायच्या, बागायतीत असतात तशाच. त्यांतून सोडियम सायनाइडचं पातळ द्रावण थेंबथेंब सोडतात. हजार लिटरला साधारण पाव ते अर्धा किलो. सायनाइड आणि हवेतला ऑक्सिजन मिळून सोनं विरघळवतात. द्रावणात चुना घालावाच लागतो, नाहीतर त्यातून विषारी वायू सुटतो. खनिजात चिकणमाती जास्त असेल तर रास तुंबते, म्हणून बारीक माल सिमेंट आणि चुन्याने आधी गोळे करून घेतात. सोनं खाली उतरायला आठवडे, कधी महिने लागतात.

राशीखालून वाहून तळ्यात जमलेल्या द्रावणातलं सोनं पकडायला वापरतात तो कोळसा बहुधा नारळाच्या करवंटीचा. वाफेत तापवून त्याला इतकी सूक्ष्म छिद्रं पाडलेली असतात की एका ग्रॅमचा आतला पृष्ठभाग हजार चौरस मीटरच्या आसपास भरतो. शिवाय करवंटीचा कोळसा टणक. तो झिजून चुरा झाला, तर चुऱ्याबरोबर सोनंही वाहून जाईल. पुढे कॉस्टिक सोड्याच्या गरम पाण्याने सोनं कोळशातून सोडवतात, विजेच्या प्रवाहाने पोलादी तारांच्या गुंत्यावर चढवतात आणि वितळवून लगडी ओततात.

ही पद्धत वाढली ती अमेरिकेतल्या नेव्हाडाच्या वाळवंटात. तिथलं आणि आपलं आकाश सारखं नाही, आणि माझ्या मते सगळा प्रश्न इथेच आहे. राशीवर ठिबकने तासाला चौरस मीटरमागे साधारण १० लिटर द्रावण पडतं. जुलैतली एखादी जोरदार सर त्याच जागेवर तासाभरात ५० लिटर ओतते. गोव्यात वर्षाला साधारण ३,००० मिलिमीटर पाऊस होतो. १० हेक्टरच्या राशीवर तो ३० कोटी लिटर होईल. राशीतून झिरपणारा प्रत्येक लिटर सायनाइडचाच. तो साठवावा लागतो किंवा शुद्ध करूनच सोडावा लागतो. पावसाळी मुलखात राशीवर प्लास्टिक अंथरतात, बाजूने चर खणतात, तळी मोठी करतात. असा प्रकल्प कुठेही मांडला गेला, तर सोन्याच्या टक्केवारीआधी तळ्याची क्षमता विचारावी.

कोस्टा रिका हा आपल्यासारखाच पावसाचा देश. तिथल्या बेलाव्हिस्टा खाणीत २००७ साली पावसाने भिजलेली जमीन सरकू लागली आणि काम बंद ठेवावं लागलं. ऑक्टोबरमध्ये तिथे दरड कोसळली.