कार्यालयांच्या कचऱ्याचे चार डबे: नियमांची पार्श्वभूमी

ओला, सुका, सॅनिटरी (वापरलेली पॅड, डायपर) आणि विशेष काळजीचा (बल्ब, जुनी औषधे, रंगाचे डबे) असे चार डबे बंधनकारक करणारे घनकचरा नियम 1 एप्रिल 2026 पासून लागू आहेत. जागच्या जागी वर्गीकरणाची अपेक्षा 2000 च्या नियमांतही होती. नव्वदच्या दशकातल्या एका जनहित याचिकेतून ते आले होते, पण त्यांचा सगळा भार पालिकांवर होता.

मोठ्या कार्यालयांवर वेगळी जबाबदारी आली ती 8 एप्रिल 2016 ला. रोज सरासरी 100 किलोपेक्षा जास्त कचरा करणारा तो बल्क जनरेटर, अशी व्याख्या झाली आणि घोडे तिथेच अडले. वजन कोणी करायचे? एका इमारतीत तीस कार्यालये असतील तर प्रत्येकाचे वेगळे, की इमारतीचे एकत्र? व्याख्येचा रोख इमारतीवर होता, तरी भाडेकरूंना आपापला हिशेब वेगळा मांडायला वाव राहिला. सरासरी किती दिवसांची, हाही प्रश्न होताच. पाच दिवस रोज 130 किलो कचरा करणारे कार्यालय सात दिवसांची सरासरी काढली की 93 किलोवर येऊन सुटते. कॅन्टीनचे खरकटे माणशी 200 ग्रॅम धरले तर 500 माणसांत 100 किलो होते. तेच जाळीवर निथळून तोलले की आकडा उतरतो. वजनावर बेतलेला निकष इतका सैल ठेवायलाच नको होता.

त्यात क्षेत्रफळाचा गोंधळ. केंद्राच्या नियमात 5,000 चौरस मीटरहून मोठ्या संस्थांना वर्गीकरणाची सक्ती होती, तर मुंबईत 2 ऑक्टोबर 2017 ची मुदत देताना 20,000 चौरस मीटर किंवा 100 किलो हा निकष लावला गेला. मधल्या आकाराची कितीतरी कार्यालये या फटीत राहिली. शिवाय ओला कचरा आवारातच ‘शक्य तोवर’ जिरवा, एवढेच बंधन होते.

आता 20,000 चौरस मीटर क्षेत्रफळ, रोज 40,000 लिटर पाणी किंवा 100 किलो कचरा यांपैकी एक भरले तरी बल्क जनरेटर ठरायला पुरे. पाण्याची अट महत्त्वाची, कारण मीटरचे बिल हाताशी असते. कार्यालयात माणशी 45 लिटरचे मानक धरले तर सुमारे 890 माणसांवर ही मर्यादा गाठली जाते. टँकर आणि बोअरवेलचे पाणी मात्र त्या बिलात दिसत नाही, म्हणून तपासणीत त्यांच्या नोंदीही मागायला हव्यात.

सॅनिटरीचा वेगळा डबा फार उशिरा आला. 2016 च्या नियमाने वापरलेले पॅड गुंडाळून सुक्या कचऱ्यात टाकायला सांगितले होते आणि सुका कचरा निवडणाऱ्या बायकांच्या हाती ते येत राहिले.

आवारातच ओला कचरा जिरवणाऱ्या खतयंत्रांचा अनुभवही फारसा चांगला नाही. 24 तासांत खत देणारे म्हणून विकलेले यंत्र बहुधा कचरा फक्त वाळवते; तो भिजला की पुन्हा कुजून वास मारतो. भुसा किंवा पालापाचोळा घालून ओल 50 ते 60 टक्क्यांवर ठेवायची आणि पुढे काही आठवडे रॅकवर मुरू द्यायचे, याला पर्याय नाही. रॅकना जागा लागते, आणि तळघरात तीच नसते. आवारात प्रक्रिया शक्य नसेल तर नव्या नियमांनुसार त्याबदल्यात बल्क जनरेटरच्या विस्तारित जबाबदारीचे प्रमाणपत्र घेऊन ती पुरी करता येते.