खपली गहू आणि ग्लूटेन

'खपली गव्हात ग्लूटेन नसतं, गहू सोडलेल्यांनी तो बिनधास्त खावा,' असा मेसेज वर्षानुवर्षं फिरतोय. ग्लूटेन म्हणजे गव्हाच्या कणकेला ताण देणारं चिकट प्रथिन.

खपली हा गहूच आहे, फक्त जुन्या जातीचा. त्यात ग्लूटेन असतं. त्याची ताणशक्ती कमी, म्हणून गैरसमज होणं साहजिक आहे. घरी पडताळता येतं. वाटीभर खपलीचं पीठ घट्ट मळून अर्धा तास झाका. मग पाण्याच्या भांड्यात गोळा हलक्या हाताने चोळा, पाणी चार-पाचदा बदला. घाई केली तर गोळा फुटतो, म्हणून खाली पातळ फडकं धरा. स्टार्च वाहून गेल्यावर कोंड्यासकट चिकट, रबरी लगदा उरतो. तेच ग्लूटेन. खापरावरचे मांडे हातावर एवढे पसरतात तेही गव्हातल्या ग्लूटेनमुळेच. दादर ज्वारीचं (खान्देशातली ज्वारीची एक जात) पीठ असंच धुतलं तर सगळं सुटं होऊन पाण्याबरोबर जातं, फडक्यात नुसता कोंडा.

खरा पर्याय खान्देशात घरातच आहे: चार वाट्या ज्वारीला एक वाटी सालासकट उडीद, म्हणजे कळण्याची भाकरी. सोबत शेंगदाणा तेलातलं भरीत.

मात्र गव्हानंतर लगेच त्याच चक्कीवर दळलं, तर गव्हाचं पीठ मिसळतं. सीलिॲक (ग्लूटेनमुळे आतड्याला इजा होण्याचा आजार) असलेल्यांना तेवढंही बाधतं. डबीतल्या हिंगाचं लेबलही वाचा, बऱ्याचदा त्यात मैदा असतो.